फेडरवरचा हात, पडद्यावरची रेघ

(नागपूर येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत आजचा विषय ‘मिडी कंट्रोलरचा कंट्रोल सरफेस म्हणून वापर’ असा छापला आहे. तो वाचून काहीजण वायरी आणि सेटिंग शिकायला आले असतील, काहीजण ‘कोणतं मॉडेल घेऊ’ हे विचारायला. दोन्ही थोडं थोडं होईल. पण आम्हाला आज बोलायचं आहे ते एका तक्रारीबद्दल. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरोघरी स्टुडिओ झाले, यंत्रं आली, गाणी भराभर निघून राहिली, आणि त्याच गाण्यांत शब्द ऐकू येईनासे झाले. आवाज मोठा आहे, स्वच्छ आहे, सुरातही आहे. शब्द तेवढा सपाट. हा सपाटपणा आणि टेबलावर धूळ खात पडलेले ते आठ नॉब यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. मिडी कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. तो फक्त सांगतो. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, सोडली. अमुक नॉब इतका फिरवला. ऐकणारं सॉफ्टवेअर त्याचा अर्थ लावतं. म्हणजे तुमच्या कीबोर्डवरचा एखादा नॉब सिंथेसायझरचा आवाज बदलायला वापरायचा की गायिकेच्या ट्रॅकचा आवाज वरखाली करायला, हे नॉबला माहीत नसतं. ते तुम्ही ठरवायचं. नॉब, फेडर, बटणं यांचा असा वापर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालवायला केला, की त्या वस्तूला कंट्रोल सरफेस म्हणायचं. काही यंत्रं मुद्दाम त्याच कामासाठी बनवलेली असतात, काहींना आपण त्या कामाला लावतो. आपल्याकडे जास्त करून दुसरी जात. २५ पट्ट्या, आठ पॅड, आठ नॉब असलेला छोटा कीबोर्ड. अकाईचा एमपीके मिनी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. पट्ट्या वापरल्या जातात, पॅडवर ढोलकीचा ठेका होतो, आणि नॉब मात्र खोक्यातून आले तसे कोरे राहतात. बाकी सगळं माउसनं.

तर माउसनं काय बिघडतं? मिक्सिंग करताना गायकाचा एखादा शब्द खाली गेला, की सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकखाली एक रेघ असते, ऑटोमेशनची, तिच्यावर टिंब टाकायचं आणि उचलायचं. झालं. शब्द वर आला. अचूक काम, पाहिजे तेव्हा पुसता येतं. यात वाईट काय?

याचं उत्तर द्यायला आम्हाला पेटीकडे जावं लागेल.

पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि लोक तोच बघतात. डावा हात भात्यावर. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक पेटीवाल्याला ठाऊक आहे. आवाज मोठा-लहान होतो तो भात्यानं, हवेच्या दाबानं. गायकाची ओळ संपत आली की भाता आपोआप हलका होतो, सम जवळ आली की किंचित भरतो. गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत ज्यांची पेटी गाते असं आपण म्हणतो, त्यांच्या पेटीचं ते गाणं निम्मं डाव्या हातात आहे. आणि तो हात बघून चालत नाही, ऐकून चालतो. भात्यावर आकडे नसतात.

पायपेटी घ्या. संगीत नाटकाचा ऑर्गन, आपल्या झाडीपट्टीत वडसा-देसाईगंजकडच्या मंडळींनी अजून टिकवलेला. तिथे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे आणि हवा पायांकडे. म्हणजे आवाजाच्या चढउतारासाठी शरीराचा एक अवयव कायम राखून ठेवलेला आहे. हात नाही तर पाय.

पेटीवर आपल्याकडे केवढे वाद झाले! श्रुती नाहीत, मींड नाही, बारा घरांत कोंबलेले स्वर. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्ससाहेबांच्या जोडीनं श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. १९४० साली तर पेटीला रेडिओवर बंदीच आली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. आपलं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं तेव्हा पेटी रेडिओवर चालत नव्हती. हा सगळा वाद पट्ट्यांचा होता, उजव्या हाताचा. भात्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं आमच्या वाचनात नाही. कारण तिथे तक्रारीला जागाच नव्हती.

आता मिडीकडे या. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजला. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही त्यामागची दोन मुख्य नावं. पुढे २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. ही भाषा कीबोर्डवाल्यांनी कीबोर्डसाठी बनवली. तिचा पहिला विचार पट्टीचा आहे: दाबली, किती जोरात, सोडली. बाकीच्या गोष्टी क्रमांक देऊन मागच्या बाकावर बसवल्या. कंट्रोलर क्रमांक १ मॉड्युलेशन, ७ आवाज, १० डावी-उजवी बाजू, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन.

यातला ७ आणि ११ चा भेद आमच्या फार आवडीचा आहे, जरा थांबून सांगतो. ७ म्हणजे वाद्य एकंदर किती मोठं ठेवायचं. पेटीवाला माईकपासून किती लांब बसला, तसं समजा. ११ म्हणजे त्या मर्यादेच्या आत, वाजवता वाजवता होणारा चढउतार. म्हणजे भाताच! जिथं बंदी आली तो वाद पट्ट्यांचा, आणि मिडीवाल्यांनी भात्याला स्वतंत्र क्रमांक देऊन ठेवला. आपणच तो वापरत नाही. कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज लावतो आणि दोन्ही हातांनी पट्ट्या बडवतो. त्यात पुष्कळ कीबोर्डांवर हार्मोनियमच्या आवाजाला पट्टीचा जोर जोडलेला असतो. जोरात दाबा, मोठी पेटी. हळू दाबा, लहान पेटी. अशी पेटी जगात कुठंच नाही. ती दोन मिनिटांत बंद करता येते आणि डाव्या हाताखालचा एखादा फेडर क्रमांक ११ ला देता येतो. पेटी शिकलेला माणूस दहा मिनिटांत रुळतो. कारण त्याचा हात हे काम आधीपासून करत आला आहे.

हे झालं वाजवण्याचं. मिक्सिंगमध्ये गाणाऱ्याच्या आवाजाचंही असंच आहे, फक्त तिथे भाता चालवायचं काम रेकॉर्डिस्टचं.

मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायिली आणि तिची तबकडी निघाली. १९३० च्या दशकातली गोष्ट. मराठी भावगीताच्या तबकड्यांचा काळ तिथून सुरू झाला असं मानतात, आणि कविता आपल्या विदर्भातली. त्या काळी एका बाजूला तीनेक मिनिटं, सगळे वाजवणारे आणि गाणारा एकाच वेळी एकाच खोलीत. नंतर हलवायला फेडर नव्हता. कोण किती मोठा ऐकू येणार हे कोण माईकपासून किती दूर यावर ठरायचं. गाणारा वरच्या स्वराला मान मागे घ्यायचा, शब्द नाजूक असला की पुढे यायचा. पुढे बहुट्रॅक आले, हे काम गाणाऱ्याकडून टेबलामागच्या माणसाकडे गेलं. तो गाणं चालू असताना बोट फेडरवर ठेवून बसायचा. अनेकदा कविता त्याला पाठ झालेली असायची. कोणता शब्द कुठे पडणार हे त्याला पडायच्या आधी माहीत असायचं. मुद्दा इथे आहे. माउसनं आपण शब्द पडल्यावर दुरुस्त करतो. फेडरवरचा हात तो पडायच्या आधी धरतो.

मराठी गाण्यात शब्द पडतो तरी कुठे? ओळीच्या शेवटी. श्वास संपत आलेला असतो आणि नेमकं क्रियापद आणि यमक तिथे असतं. आपले सुरेश भट घ्या. गझलेचा शेर घाव घालतो तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी, काफिया-रदीफपाशी. तो शब्द दोन डेसिबल खाली गेला तर शेर कळला नाही असंच होतं, गाणाऱ्यानं कितीही जीव ओतो. दुसरी जागा समेची. तबल्याची सम आणि शब्दातलं वजनदार अक्षर एकाच क्षणी येतं, आणि तबला त्याला गिळतो. तिसरी जागा आपल्या भीमगीतांतली, कव्वालीच्या ढंगातल्या गाण्यांतली. कोरस ओळ उचलतो, बेंजो भरून येतो, आणि मूळ गायक कोरसच्या शेपटावरच पुढची ओळ सुरू करतो. त्या पुढच्या ओळीचा पहिला शब्द बहुतेक वेळा हरवलेला असतो.

भीमगीताचं नाव घेतलं ते मुद्दाम. दरवर्षी १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या शहरात जेवढी नवी गाणी निघतात, तेवढी दुसऱ्या कोणत्या निमित्तानं निघत नसतील. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ती भोंग्यांतून वाजतात, मोबाईलवर वाजतात. या परंपरेत शब्द हीच वस्तू आहे. वामनदादा कर्डकांचं गाणं लोकांनी पाठ केलं ते त्यातल्या वाद्यमेळासाठी नव्हे. शब्द थेट जाऊन बसला म्हणून. मग त्या परंपरेतलं आजचं गाणं रेकॉर्ड करताना आपण काय करून राहिलो? गायकाच्या आवाजावर जबरदस्त कम्प्रेसर. कम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळंच उचलतो. श्वास, खोलीचा घुमारा, हळू शब्द, आरोळी, सगळं एका उंचीवर. गाडीच्या काचेबाहेर भोंगा वाजतो तेव्हा ते कानावर येतं, हे खरं. पण जी ओळ हळू म्हणायची होती आणि जी ओळ ललकारायची होती, त्यांच्यातलं अंतर गेलं. कवीनं ठेवलेलं अंतर आपण यंत्राच्या हवाली केलं.

कम्प्रेसर वाईट नाही, हे इथेच सांगून टाकतो. कुणी उद्या ‘ते सर कम्प्रेसर काढा म्हणतात’ असं गावभर करायला नको. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी हात, मग कम्प्रेसर. हातानं शब्द जागेवर आणले की कम्प्रेसरला थोडंच काम उरतं, आणि थोडं काम तो छान करतो.

(इथे एका अप्रकाशित गीताचं एक कडवं दोन मिक्समध्ये लागोपाठ ऐकवलं.)

ऐकलंत. दोन्ही मिक्स एकाच मुलाचे, गायिका तीच, रेकॉर्डिंग तेच. पहिला त्यानं नेहमीच्या पद्धतीनं केला: कम्प्रेसर, मग रेघेवर टिंबं. दुसऱ्यात त्यानं पडदा बंद केला, कविता कागदावर समोर ठेवली, एका फेडरवर बोट ठेवून कडवं तीनदा चालवलं आणि तिसरी खेप ठेवली. दुसरा निर्दोष आहे का? नाही. तिसऱ्या ओळीत त्याचा हात थोडा उशिरा पोचला आहे, ‘सावली’तला ‘सा’ दबलेला आहे. पहिल्यात असा एकही दोष सापडणार नाही. तरी सभागृहात दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीला शांतता झाली, पहिल्याला झाली नाही. कारण आम्हाला असं दिसतं: पहिल्यात प्रत्येक शब्द स्वतंत्र दुरुस्त झालाय, त्यामुळे सगळे शब्द सारखेच महत्त्वाचे झालेत. दुसऱ्यात कुणीतरी कविता ऐकत ऐकत पुढे गेलाय. शेवटच्या ओळीआधी त्यानं नकळत आवाज थोडा उतरवला, म्हणून ती ओळ वर आल्यासारखी वाटली. रेघेवर टिंब टाकणाऱ्याला जे पडलंय ते उचलण्याची बुद्धी होते. जे ठीक आहे ते थोडं खाली न्यायची बुद्धी हाताला होते.

आता माउसच्या बाजूनं बोलू, नाहीतर हे एकतर्फी होईल. श्वास कापायचा आहे, एखादा ‘श’ किंवा ‘स’ कानाला टोचतोय, खोकला आलाय. तिथे हात काय कामाचा? तिथे पडदा, माउस आणि बारीक नजर. आणि जगात माउसवर केलेले उत्तम मिक्स आहेतच. ज्याच्या कानात कविता पक्की बसली आहे तो टिंबांनीही तीच लय आणू शकतो. पण त्याला वेळ लागतो, आणि दोनशे टिंबांनंतर कान दमतो, डोळा ताबा घेतो. डोळ्याला रेघ सरळ दिसली की बरं वाटतं. हा मोह आहे.

बरं, मग कंट्रोलर घेतला आणि नॉब जोडला तरी लोक दोन दिवसांत कंटाळून सोडून देतात. का? विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मिडीत १२८ पायऱ्याच असतात, बारीक काम होत नाही.’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. हिशेब करून बघा. शून्य ते १२७, एकूण १२८ पायऱ्या, हे खरं. क्रमांक ७ साठी मिडीच्या शिफारशीत जो वक्र आहे तो धरला, तर १०० वरून १०१ वर गेल्यावर आवाज सुमारे ०.१७ डेसिबल वाढतो. गाण्याचा आवाज याच भागात खेळतो, आणि एवढा फरक कुणाच्या कानाला कळत नाही. खाली, २० वरून २१ वर जाताना तो फरक ०.८५ डेसिबलच्या आसपास जातो. तिथे, म्हणजे गाणं हळूहळू विझवत नेताना, पायऱ्या जाणवू शकतात. प्रत्येक सॉफ्टवेअरचा वक्र थोडा वेगळा असतो, पुष्कळशी सॉफ्टवेअर मधलं अंतर गुळगुळीतही करतात. म्हणजे शेवट विझवायला माउस घ्या, शब्द धरायला हे पुरेसं आहे. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं, त्यात कंट्रोलरला ३२ बिट आहेत, चार अब्जांहून जास्त पायऱ्या. आनंद आहे. पण चार अब्ज पायऱ्यांच्या जिन्यावर चढणारा पाय तोच असणार.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती उडीची आहे. साध्या फेडरला मोटर नसते. पडद्यावर आवाज एका जागी, तुमचा फेडर दुसऱ्या जागी. तुम्ही हात लावला रे लावला की गायिकेचा आवाज एकदम उडी मारतो. यावर उपाय म्हणून ‘पिकअप’ नावाची सोय असते: फेडर पडद्यावरच्या जागेवरून जाईपर्यंत काहीच होत नाही, तिथं पोचला की पकडतो. उडी टळते, पण पहिला क्षण आंधळा जातो. दुसरी अडचण अशी, की साध्या फेडरला स्पर्श कळत नाही. तुम्ही हात काढलात हे सॉफ्टवेअरला समजत नाही. संदेश यायचे थांबले की ते आपल्या मनानं ठरवतं. त्यामुळे हात स्थिर धरून ठेवलेला असतानाच ऑटोमेशन सुटून जुन्या जागेवर परतू शकतं. इथे लोक वैतागतात आणि दोष १२८ पायऱ्यांना देतात.

मोटरवाल्या, स्पर्श ओळखणाऱ्या फेडरनं हे दोन्ही प्रश्न सुटतात. प्रीसोनसचा फेडरपोर्ट किंवा बेरिंजरचा एक्स-टच वन अशा यंत्रांवर असा एकच फेडर असतो, १०० मिलिमीटर लांबीचा. गाणं वाजलं की तो तुमच्या मागच्या खेपेप्रमाणे स्वतः हलतो; पाहिजे तिथे बोट ठेवा, तेवढाच भाग नव्यानं लिहिला जातो; बोट काढा, तो आपल्या वाटेनं जातो. यातली एक गंमत सांगतो. मॅकी कंट्रोल नावाची जी पद्धत असे बरेच सरफेस वापरतात, तिच्यात फेडरची जागा कळवायला पिच बेंडचा संदेश वापरतात. का, तर त्याला १२८ नव्हे, १६,३८४ पायऱ्या असतात. स्वर वाकवायला, म्हणजे आपल्या भाषेत मींड घ्यायला ठेवलेला संदेश फेडरच्या सेवेला लावला आहे. पेटीवर मींड नाही म्हणून रडणाऱ्यांनी याचं काय करायचं ते ठरवावं.

मग आठ फेडरवाला कोर्ग नॅनोकंट्रोल २ घ्यायचा की एक फेडरवाला? बर्डीवर किंवा ऑनलाइन जे दिसतं त्यात आठच जास्त. आठ फेडर, आठ नॉब, प्रत्येकासाठी सोलो, म्यूट, रेकॉर्डची बटणं. हा आठाचा हिशेब मोठ्या कन्सोलवरून आलेला आहे, जिथे नुसत्या ड्रमसेटलाच सात-आठ माईक लागतात. आपल्या गाण्यात गायक, पेटी, दायाँ, बायाँ, तानपुरा, बासरी किंवा बेंजो, कोरस. आकड्यात सात होतात हो, पण एका वेळी हलवायचे किती? दोन. एक गायक, एक तबला. आम्ही तर म्हणतो, सुरुवातीला एकच हलवा. आठ फेडर समोर असले की माणूस आठही हलवतो, जसं पंगतीत आठ वाट्या असल्या की प्रत्येकीत बोट जातंच. पैसे असतील तर एक चांगला मोटरचा फेडर आठ साध्या फेडरांपेक्षा बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पैसे नसतील तर घरात असलेल्या कीबोर्डचा एक नॉब पुरतो, फक्त कामाची पद्धत बदलावी लागते: प्रत्येक खेपेला कडव्याच्या अगदी सुरुवातीपासून चालायचं, मध्येच पकडायचं नाही. उडीचा प्रश्न तिथेच संपतो. शिवाय कडवं सलग ऐकावं लागतं, जे एरवी कुणी ऐकत नाही.

जोडणी अवघड नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘लर्न’ असा पर्याय असतो. ज्या गोष्टीला जोडायचं ती पडद्यावर निवडा, नॉब हलवा, नातं जुळलं. फक्त दर गाण्याला वेगळं नातं जोडू नका. पहिला नॉब कायम गायक, दुसरा कायम तबला, तिसरा रिव्हर्ब. तबलजीला ‘ना’ कुठे वाजतो हे दर मैफलीत शोधावं लागलं तर त्यानं वाजवावं केव्हा? नॉबाखाली कागदी चिकटपट्टी लावून पेननं नाव लिहा.

आणि एक खास नागपुरी मुद्दा. कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रेकॉर्डिंगच्या वेळी आपण कूलर बंद करतो, घामाघूम होऊन टेक घेतो. मग मिक्सिंगला बसताना काय? कूलर चालू. भर्र. त्या आवाजात हळू शब्द ऐकू येत नाही, म्हणून आपण तो उचलतो, अजून उचलतो. ज्या गाण्यात सगळे शब्द एका उंचीवर आलेले आहेत, त्यातली काही गाणी कम्प्रेसरनं नव्हे, कूलरनं सपाट केलेली आहेत! हेडफोन लावून निभावतं थोडंफार. त्यापेक्षा पहाटे पाचला बसा बाप्पा. गल्लीही शांत असते. धुळीचंही बघा, साधा फेडर धुळीनं खरखरायला लागला की त्याचे आकडे आपोआप नाचतात आणि तुमच्या ऑटोमेशनमध्ये थरथर लिहिली जाते. वरून रुमाल टाकून ठेवायला काय जातं.

एक मोठी शंका उरते, ती टाळणं बरोबर नाही. हातानं केलेला मिक्स मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर आणि रस्त्यावरच्या भोंग्यावर टिकेल का? तिथे चढउतार ऐकूच येत नाही, मग कशाला एवढा आटापिटा? ही शंका खरी आहे. भोंग्यासाठी थोडा जास्त दाबलेला वेगळा मिक्स करून द्या, हरकत नाही. एकाच गाण्याचे दोन मिक्स करायला आता पैसे पडत नाहीत. पण भोंग्यासाठीचा मिक्स हाच एकमेव मिक्स म्हणून जगाला द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही. वसंतराव देशपांड्यांचं गाणं घ्या. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला हा माणूस, त्यांच्या नावाचं सभागृह आपण इथे मिरवतो. त्यांच्या गाण्यात एका आवर्तनात कुजबुज आणि गर्जना दोन्ही असायचं. आज एखादी विशीतली मुलगी तशी गाऊन गेली, तर आपल्या घरच्या स्टुडिओतून तिचं काय बाहेर पडेल? तिची कुजबुज आपण उचलू, गर्जना दाबू, आणि तिला वाटेल आपलं गाणंच असं आहे. दोन वर्षांत ती माईकसमोर तशीच, मधल्या उंचीवर, गायला लागेल. हे घडताना आम्ही पाहतो आहोत. यंत्राच्या सवयीला गळा जुळवून घेतो.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांपैकी दोन इथे घेतले आहेत.)

प्रश्न: मी एकटाच गातो, वाजवतो आणि रेकॉर्ड करतो. मला फेडरचा काय उपयोग?

तुम्हाला फेडरच्या आधी बटणांचा उपयोग. पेटी मांडीशी, माईक तोंडाशी, आणि रेकॉर्डचं बटण तीन हातांवर माउसमध्ये; दर टेकला उठायचं, बसायचं, श्वास पुन्हा जमवायचा. पुष्कळ छोट्या कंट्रोलरवर प्ले, स्टॉप, रेकॉर्ड असतं. तो पेटीशेजारी ठेवा. किंवा पायाखाली स्विच जोडा आणि तो रेकॉर्डला द्या. टेक चांगला जाण्याचं निम्मं कारण हे असतं, की माणूस मधे उठला नाही. मिक्सिंगला मात्र स्वतःच्या आवाजावर स्वतः फेडर चालवू नका, निदान पहिल्यांदा तरी. आपल्याला आपले शब्द पाठ असतात, त्यामुळे न ऐकू आलेले शब्दही ऐकू येतात. मित्राला बसवा, कागद त्याच्या हातात द्या.

प्रश्न: आमच्याकडे पायपेटी वाजवणारे एक जुने काका आहेत. कीबोर्डला हात लावायला तयार नाहीत, म्हणतात त्यात जीव नाही. त्यांना यात आणता येईल का?

त्यांना फेडर देऊ नका. त्यांचा पाय मोकळा आहे, त्याला काम द्या. एक्स्प्रेशन पेडल घ्या आणि ते क्रमांक ११ ला जोडा; पट्टीचा जोर बंद करा, म्हणजे कशीही दाबली तरी पट्टीचा आवाज सारखा. आता आवाज फक्त पायात. घेताना एवढं बघा, की सस्टेनचं पेडल वेगळं. ते नुसतं चालू-बंद होतं, ते चालणार नाही. छोट्या कीबोर्डांना पुष्कळदा सस्टेनचंच भोक असतं, एक्स्प्रेशनचं नसतं, म्हणून कीबोर्डच्या पाठीमागे काय छापलं आहे ते आधी वाचा. आणि पेडलच्या पिनेची जोडणी कंपनीगणिक उलटसुलट असते. टाच दाबल्यावर आवाज वाढू लागला किंवा मधेच अडला तर पेडल खराब आहे असं समजून परत करू नका, काहींच्या खाली उलट करायचा छोटा खटका असतो. काकांना ‘हे मिडी आहे’ असं सांगू नका. पाय ठेवा म्हणावं, आणि एखादं नाट्यपद सुरू करा.